रातपाळीचा बाप

माजरीच्या कॉलनीत सकाळी दहा-अकराला एखाद्या क्वार्टरच्या खिडकीला आतून जाड चादर लावलेली दिसली, टीव्ही बिनआवाजी चालू असला आणि अंगणातल्या पोरांना आई दबक्या आवाजात दटावत असली, की समजायचं, घरचा माणूस रातपाळी करून झोपला आहे. उन्हाळ्यात त्यात कूलरची घरघर मिळवायची. ‘बाबा झोपलेत’ हे इथल्या लेकरांनी फार लवकर ऐकलेलं वाक्य. पाळी बदलली, बाबा दुसऱ्या पाळीला जाऊ लागले, की पोरगं शाळेतून येतं तेव्हा ते निघालेले असतात आणि ते परततात तेव्हा पोरगं झोपलेलं असतं. पहिल्या पाळीचे दिवस तेवढे भेटीगाठीचे. पण बाजार, बँक, दवाखाना, गावाकडची शेती हे सगळं त्याच दिवसांत उरकायचं असतं.

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातलं हे गाव. नागपूर-बल्लारशा लोहमार्गावरचं जंक्शन. इथून एक फाटा वणीकडे आणि पुढे आदिलाबादकडे जातो. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिच्या पोटात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड आली. वर्तमानपत्रं तिला ‘वेकोलि’ म्हणतात, गावकरी नुसतं ‘डब्ल्यूसीएल’. माजरी क्षेत्राचं मुख्यालय कुचन्याला. भोवती खुल्या खाणी आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे टेकाडांएवढे ढिगारे. तेलुगू, छत्तीसगडी, बिहारी, उत्तर प्रदेशी कुटुंबं आणि मूळचे कुणबी, गोंड, बौद्ध असे सगळे एकाच नळावर पाणी भरत इथे दोन-तीन पिढ्या राहिले आहेत. अशा गावात पोरगा पुरुष कसा होतो, कोणाकडे बघून होतो, आणि पुढे तो बाप झाला की त्याच्या हातात नेमकं काय असतं, याविषयी हा लेख आहे.

पहिलं उत्तर सोपं आहे. त्याच्या हातात नोकरी असते, आणि ती पोराला द्यायची असते.

कोळसा पट्ट्यात बापलेकाच्या नात्याचा मोठा भाग कागदावर लिहिलेला आहे. जमीन खाणीत गेली तर कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणानुसार साधारण दोन एकरांमागे एक नोकरी. ती कोणाला द्यायची, हे घरात ठरतं; आणि घरात ठरतं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. कामगार सेवेत असताना वारला किंवा वैद्यकीयदृष्ट्या कायमचा अपात्र ठरला, तर राष्ट्रीय कोळसा वेतन करारात वारसाला नोकरीची तरतूद आहे. त्या वारसांच्या यादीत मुलगी होती, पण अविवाहित. लग्न झालेल्या मुलीला वगळणं योग्य नाही, हे छत्तीसगड उच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावं लागलं. 1952 च्या खाण कायद्याने बायांना जमिनीखाली उतरायला आणि रात्री काम करायला बंदी केली होती. ती सैल करणारी अधिसूचना निघाली 2019 मध्ये. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं खाण हे कायद्यानेच पुरुषाचं ठिकाण होतं आणि खाणीतली नोकरी ही बापाकडून लेकाकडे जाणारी वस्तू. शेतकरी बाप लेकाला निदान नांगर धरायला शिकवत असे, सोबत बांधावर नेत असे. खाणीच्या फाटकातून पोराला आत नेता येत नाही. बाप काय करतो ते पोराला दिसत नाही. दिसतो तो पगार आणि दिसते ती झोप.

या व्यवस्थेने खूप घरं उभी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिने एक विचित्र तारुण्यही घडवलं, वाट बघणारं. जमीन गेली, नोकरी एकाच भावाला लागली, बाकीचे दोघे मातीच्या ठेकेदाराकडे डंपरवर किंवा गावातल्या चौकात. चौकातला पानठेला ही इथल्या पोट्ट्यांची खरी कार्यशाळा. पुरुषासारखं उभं कसं राहायचं, कोणाला शिवी घालायची, कोणत्या पोरीविषयी काय बोलायचं, हे सगळं तिथेच शिकून होतं. प्लास्टिकच्या तुकड्यात तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीत दहा-बारा वर्षांच्या पोरांच्याही गालात सापडतो. तो पहिल्यांदा हातावर ठेवणारा बहुतेक वेळा गल्लीतलाच थोडा मोठा पोरगा असतो. म्हणजे मार्गदर्शक पोरांना मिळतोच, आपण नेमून दिला नाही एवढंच.

दारूचा इतिहास तर या जिल्ह्यात बायांनी लिहिला. डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या पुढाकाराने हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. ती उठवताना सरकारने दिलेल्या कारणांपैकी एक असं होतं की अवैध धंद्यात बायका आणि लहान मुलं ओढली गेली. बंदी असावी की नसावी हा वाद इथे घालत नाही. मला त्यात दुसरंच काही दिसतं. दारूबंदीच्या सगळ्या लढ्यात बापाला उद्देशून जे बोललं गेलं ते सगळं नकारार्थी होतं. पिऊ नको, मारू नको, पगार उडवू नको, पोरांसमोर तमाशा करू नको. ते बोलणाऱ्या बायांचं काहीच चुकलं नाही. घर जळत असताना आधी आग विझवावी लागते. पण न पिणारा, न मारणारा, पगार घरी आणणारा माणूस आपल्याकडे एवढ्यावरच ‘चांगला बाप’ ठरतो. लेकराला त्याने आंघोळ घातली का, तापात रात्री कोण जागलं, पोराच्या शाळेत त्याला कोणत्या बाईंची भीती वाटते हे बापाला ठाऊक आहे का, हे प्रश्न कोणी विचारत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांतही बाप बहुधा दारुडा असतो, नाहीतर तिसऱ्या अंकात पश्चात्तापाने रडतो. लेकराची वेणी घालणारा बाप काही मी अजून त्या रंगमंचावर पाहिला नाही.

पोरांना वळण लावण्याची जबाबदारी एकट्या आईबापाची नाही, ती गावाची, हे या भागाला नवीन नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांचं जाळं इथे जुनं आहे. 1942 च्या चिमूरच्या उठावानंतर महाराजांना चंद्रपुरात अटक झाली होती. त्या आठवणीमुळेही असेल, पण चंद्रपूरच्या गावागावांत सामुदायिक प्रार्थना रुजली. मंडळाची बालसुसंस्कार शिबिरं उन्हाळ्यात भरतात. पहाटे उठणं, व्यायाम, खंजिरी, भजन, ग्रामसफाई. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक पुरुषांना विचारलं तर व्यसनापासून दूर राहिल्याचं श्रेय ते अशा शिबिरांना देतात. झाडू हातात घ्यायला पुरुषाला लाज वाटू नये, ही गोष्ट या मंडळांनी शिबिराच्या मैदानावर साधली. ती घराच्या उंबऱ्याआत मात्र फारशी शिरली नाही. गाव झाडणारा गुरुदेव सेवक आपल्या स्वयंपाकघराचा ओटा पुसतोच असं नाही.

आनंदवन माजरीपासून फार दूर नाही, वरोऱ्यालाच. बाबा आमट्यांनी मूल तालुक्यातल्या सोमनाथला साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी अजून मे महिन्यात भरते. तिथे मुलं-मुली बरोबरीने घाम गाळतात. पण तिथे येणारा तरुण बहुतेक शहरातला, शिकलेला, आधीच अर्धा वळलेला. चौकातला पोट्टा तिथे जात नाही, कारण त्याला त्या छावणीचा पत्ताच नसतो आणि आठ दिवस कामावर दांडी मारणं परवडत नाही.

पूर्वेला गडचिरोलीकडे सरकलं की गोटुल भेटतो. बाहेरच्या लोकांनी गोटुलविषयी जेवढं लिहिलं त्यातलं बरंचसं चवीने लिहिलं. व्हेरिअर एल्विन यांचा 1947 चा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरिया गोंडांवरचा. गडचिरोलीच्या माडियांचा गोटुल त्याहून वेगळा. इथे तो पोरापोरींना गाणी, नाच, शिस्त, पाहुण्याचं आदरातिथ्य, गावकीची कामं मोठ्या मुलांकडून शिकण्याची जागा होता आणि गावसभेची जागाही होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने मोडकळीला आलेला गोटुल ऐंशीच्या दशकात पुन्हा बांधायला घेतला. सागवान वापरलं म्हणून वनखात्याने तो पाडला, तेव्हा आसपासच्या गावांनी आपापल्या गावात गोटुल उभारून उत्तर दिलं. पुढे 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आलं, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्या लढ्याशी जोडलेली आहेत. (मोहनभाऊंनी आडनाव सोडून आईचं आणि बापाचं, दोघांचं नाव लावलं. सरकारने मुलाच्या नावापुढे आधी आईचं, मग बापाचं नाव ही रीत 1 मे 2024 पासून आणली. मोहनभाऊ त्या बाबतीत कित्येक वर्षं पुढे होते.) मेंढ्याच्या अभ्यासगटांची पद्धत मला या विषयासाठी महत्त्वाची वाटते. तिथे भाषण नसतं. तीच माणसं पुन्हा पुन्हा बसतात, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बोलतात आणि ठरलेलं गाव पाळतं.

गोटुलची नक्कल कॉलनीत करता येणार नाही, आणि करूही नये. पण दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत: शिकवणारा गल्लीतलाच थोडा मोठा असतो, आणि भेट रोजची असते.

महाराष्ट्रात पोरांबरोबर पुरुषपणाविषयी बोलण्याचं आधुनिक काम सुरू झालं ते मुंबईत. 1991 मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रात एक आवाहन छापलं: बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवे आहेत. 205 जणांनी उत्तर दिलं. त्यांतून 1993 मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली, आणि उत्तर देणाऱ्यांतले हरीश सदानी आजतागायत ती चालवत आहेत. या संस्थेने 1996 पासून ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला. पुण्याच्या नारी समता मंचाच्या परिवारातून ‘पुरुष उवाच’ निघाला. पुरुषांनी स्वतःविषयी लिहिलेले दिवाळी अंक ही मराठीची खास मिळकत आहे. इतर भाषांत असं काही मला तरी दिसलेलं नाही. ‘मावा’ने 2006 पासून पुणे जिल्ह्यातून ‘युवा मैत्री’ सुरू केलं. महाविद्यालयातली निवडक मुलं तयार करायची, त्यांनी आपल्याच बरोबरीच्यांशी बोलायचं. लैंगिकता, संशय, नकार पचवणं, घरकाम, राग या सगळ्यावर.

याहून माजरीच्या जवळचा नमुना आहे तो ‘परिवर्तन’चा. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन या संस्थेने ‘कोचिंग बॉईज इन टू मेन’ हा अमेरिकन कार्यक्रम 2010 च्या सुमाराला मुंबईच्या मैदानांवर आणला. तिकडे फुटबॉल-बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, इथे क्रिकेटचे. मुंबई शालेय क्रीडा संघटनेशी जोडलेल्या शाळांतले प्रशिक्षक एका बाजूला, आणि गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीतले स्थानिक तरुण दुसऱ्या बाजूला. हातात कार्डांचा गठ्ठा. आठवड्यातून एकदा सराव संपला की पोरांना घोळक्यात बसवायचं आणि एक कार्ड उघडायचं. एका आठवड्यात मैदानावरची भाषा: ‘बायकांसारखा खेळतोस’ असं आपण का म्हणतो? दुसऱ्या आठवड्यात राग आल्यावर हात कुठे जातो. तिसऱ्यात, मित्र एखाद्या पोरीच्या मागे लागला असेल तर तू काय करशील. बोलणं थोडकंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

यातली हुशारी अशी की पोरगं तिथे ‘सुधारायला’ आलेलं नसतं, खेळायला आलेलं असतं. आणि बोलणारा माणूस त्याला आधीच मानाचा असतो, कारण संघात घ्यायचं की नाही ते त्याच्या हातात. पुढे झालेल्या पाहणीत मुलांची मतं बदललेली दिसली. वागणूक, विशेषतः मित्र चुकत असताना सगळ्यांसमोर त्याला अडवणं, तेवढ्या सहज बदलली नाही. मला हा निकाल निराश करणारा वाटत नाही, प्रामाणिक वाटतो. दहा वर्षं चौकात शिकलेलं काही महिन्यांत जात नाही. शिवाय प्रशिक्षकांनी स्वतःविषयी सांगितलेले बदल बोलके होते. मैदानावरच्या शिव्या आवरल्या, आपणही घरी कसे वागतो याकडे त्यांचं लक्ष गेलं. पोरांना शिकवायला गेलेला माणूस आधी स्वतः अडचणीत येतो, हे अशा कामाचं सगळ्यात मोठं फळ म्हणायला हरकत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातही हे मैदान अगदीच रिकामं नाही. 1999 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ने जिल्हा परिषदेच्या शाळांत खेळातून शिक्षण, आरोग्य, मुलगा-मुलगी समता हे विषय नेले. इथे खेळ घेणारे गावातलेच तरुण असतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. शोधग्राम या त्यांच्या केंद्रातल्या त्या शिबिरांत शरीराविषयी, संभोगाविषयी, प्रेमाविषयी, जबाबदारीविषयी इतक्या सरळ मराठीत बोललं जातं की पहिल्या दिवशी खाली मान घालून हसणारी पोरं शेवटी चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतात. राणीताईंनी बायकांच्या आजारांचं काम करताना ओळखलं होतं की बाईचं बरंच दुखणं पुरुषाच्या अज्ञानातून येतं. त्यामुळे पोरांशी बोलणं हा त्यांच्या दवाखान्याचाच पुढचा भाग होता. 2016 पासूनच्या ‘मुक्तिपथ’ने खर्रा आणि दारूविरुद्ध गडचिरोलीत गाव संघटना उभ्या केल्या.

मग अडतं कुठे? माझ्या मते इथे अडतं. या सगळ्या कार्यक्रमांत पोराला सांगितलं जातं की बाईला मान दे, हात उचलू नकोस, घरकाम वाटून घे. पोरगा ते ऐकतो, पटतंही. घरी येतो. खिडकीला चादर लावलेली असते. त्याच्या डोळ्यांसमोर घरकाम वाटून घेणारा एकही पुरुष नसतो. पोरांचं मार्गदर्शन आणि बापाचं बापपण ही दोन कामं सरकारी कागदांवर आणि संस्थांच्या प्रकल्पांत वेगवेगळी ठेवली जातात. प्रत्यक्षात ते एकच काम आहे, आणि त्यातली अवघड बाजू बापाची आहे.

बापाला आपण बोलावतच नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया. अध्यक्षपदासाठी मात्र कित्येक गावांत पुरुषांची चुरस लागते. याच शाळांत 2022 पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गट तयार झाले. आठवड्याला कार्ड येतं, आया चटईवर बसून लेकरांना मणी ओवायला, आकार ओळखायला, मोजायला लावतात. काम सुरेख आहे. पण खुर्ची आणि सही असेल तिथे बाप येतो, चटई आणि खडू असेल तिथे आई येते. अभियान आखणाऱ्यांनाही ‘पिता गट’ हा शब्द सुचला नाही. बाप येणार नाहीत, असं कोणी म्हणेल. बोलावून पाहिलेलं आहे का?

रजेचे नियम वाचले तरी तीच समजूत दिसते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मूल झालं की 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, तीही दोनपेक्षा कमी अपत्यं असतील तर. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा 26 आठवडे झाली. खासगी क्षेत्रातल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती महिला कर्मचाऱ्यांना आणि ज्या पुरुषाची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे त्याला. शासनाच्या लेखी बाप लेकराला सांभाळतो तो बायको मेल्यावर.

देशाच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे 2024 चे आकडे सांगतात की 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के बाया घरातल्यांची देखभाल करण्यात सहभागी होतात आणि पुरुष 21.4 टक्के. जे सहभागी होतात त्यांत बाई दिवसाला सरासरी 140 मिनिटं देते, पुरुष 74. हा आकडा मी मुद्दाम उलट्या बाजूने वाचतो. पाचातला एक पुरुष आजच सव्वा तासाच्या आसपास वेळ देतो आहे. तो अस्तित्वात आहे. माजरीतही असणार. पण त्याला आपण ‘बाईल्या’ म्हणतो, म्हणून तो ते काम दार लावून करतो, आणि शेजारच्या पोराला ते दिसत नाही.

बापाच्या हातांना काम दिलं तर काय होतं, हे नवजात शिशूंच्या कक्षात दिसतं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ छातीशी उघड्या अंगाला लावून ऊब द्यायची ही ‘कांगारू’ पद्धत कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकाअखेरीस सुरू केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या पेट्या कमी होत्या. आपल्या आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्ये अशा कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या सूचना काढल्या, आणि बापालाही आत जाता येऊ लागलं. शर्ट काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, आरामखुर्चीत मागे रेलायचं. नर्स टोपी-मोजे घातलेलं लेकरू छातीवर उभं ठेवते, मान एका बाजूला वळवते, वरून कापड बांधते. आता तासभर हलायचं नाही. डंपर चालवणारा माणूस त्या तासभर श्वासही जपून घेतो. जन्मापासून एवढा वेळ कोणी त्याच्यावर असा विश्वास टाकलेला नसतो. घरी गेल्यावर ‘तुम्हाला जमणार नाही, द्या इकडे’ म्हणणाऱ्या सासूबाई असतात. अर्थात सासूबाईंनाही दोष देता येत नाही, त्यांनी आयुष्यभर जमणारा पुरुष पाहिलेला नाही.

जगात याचा कसून अभ्यास झालेला एक प्रयोग रवांडात आहे. 2013 ते 2015 मध्ये तिथे ‘बांदेबेरेहो’ नावाच्या कार्यक्रमात पाच वर्षांखालची मुलं असलेल्या किंवा होऊ घातलेल्या बापांचे गट बसवले गेले, काही बैठकांना बायकोही सोबत. गट चालवणारे गावातलेच बाप होते, वर स्थानिक नर्स आणि पोलीसही येऊन बोलत. 1199 जोडप्यांवर चाचणी झाली. गटात बसलेल्यांच्या घरात मारहाण कमी झाली, मुलांना मारणं कमी झालं, बाप घरकामाला आणि गरोदरपणाच्या तपासणीला जास्त वेळ देऊ लागले. आणि काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक बराचसा टिकला होता. मारहाण थांबवा असं सांगून जे होत नाही, ते लेकराला कसं खेळवायचं हे शिकवताना झालं.

पुरुष बदलतात ते एकेकटे नाही, घोळक्याने आणि मान मिळत असेल तर. हे सांगायला रवांडाला जायची गरज नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. ज्या गावात शंभर जणांनी जमीन नावावर केली त्या गावाला शरदरावांची भेट आणि सत्कार. जमिनीचा तुकडा देणारा हाच शेतकरी एरवी बायकोला सातबारा दाखवतही नसे. गावाच्या पुढाकाराचा मान लागला, आणि त्याने सही केली.

माजरीत सुरुवात करायची तर जागा शोधायला नको. खाणीच्या नियमांतच ती आहे. 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार प्रत्येक खाण कामगाराला कामावर घेताना आणि पुढे पाच वर्षांच्या आत पुन्हा प्रशिक्षणाला बसावं लागतं. हे प्रशिक्षण ज्या केंद्रात होतं त्याला व्हीटीसी म्हणतात. तिथे तो दिवस भरून पगारी बसतो, साहेबांच्या समोर नाही तर आपल्याच बरोबरीच्यांत. छत कसं तपासायचं, वायू कसा ओळखायचा, डंपर मागे घेताना काय बघायचं हे शिकतो. त्यातले दोन तास लेकरांसाठी मागता येतील. शिकवायला बाहेरचा व्याख्याता नको. पाच वर्षं रातपाळी करून पोरांना वेळ देणारा एखादा ओव्हरमन किंवा डोझर ऑपरेटर पुरे. विषयही उपदेशाचा नको. रातपाळीच्या आठवड्यात लेकराशी दिवसाकाठी पंधरा मिनिटं कुठून काढायची, एवढाच हिशेब मांडायचा. झोपण्याआधी की उठल्यावर? शाळेत सोडायला कोण? पोराने शाळेतून आल्यावर बाबांना उठवायचं, हे घरात ठरलं तर काय बिघडेल? संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर क्रिकेट चाललेलंच असतं. तिथे पाळीनुसार आळीपाळीने दोन-दोन बाप पंच म्हणून उभे राहिले तर पोरांना ‘परिवर्तन’सारखी कार्डं वाचून दाखवायलाही कोणी शोधावं लागणार नाही.

हे सगळं कायम कामगाराचं झालं. खाणीतलं मातीकाम आता बरंचसं ठेकेदारांकडे आहे. त्यांचा चालक-हेल्पर रजेचा हिशेब करू शकत नाही, गैरहजेरी म्हणजे मजुरी बुडाली. पलीकडे मूल, पोंभुर्ण्याच्या भातशेतीतली आणि गडचिरोलीतली कुटुंबं हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरं आजी-आजोबांकडे किंवा आश्रमशाळेत. आश्रमशाळेतल्या पोराचा बाप तर वर्षातून काही दिवसांचाच. तिथे वसतिगृहाचा अधीक्षक हाच पुरुष त्याला रोज दिसतो, आणि तो माणूस काय शिकलेला आहे याची चौकशी आपण करत नाही.

कायद्याच्या एका कोपऱ्यात मात्र बदल झाला आहे आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही. जुन्या खाण कायद्यात पाळणाघराची सक्ती होती ती जिथे स्त्रिया कामाला असतील तिथे. सगळे पुरुषच असतील तर खाणीला पाळणाघर लागत नसे. खाणीत काम करणाऱ्या पुरुषाला सहा वर्षांखालचं लेकरू असतं, हे नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत पाळणाघराची अट पन्नासहून अधिक कामगारांवर आहे. कामगार बाई की पुरुष, हे तिथे मोजलेलं नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन यायची मुभा अजून आईलाच आहे. नोव्हेंबर 2025 पासून या संहिता लागू झाल्या. आता माजरी क्षेत्रातल्या कामगार संघटनांनी पुढच्या वाटाघाटीत दोन गोष्टी टेबलावर ठेवाव्यात: ठेकेदाराच्या निविदेत पाळणाघराची अट कामगारांच्या एकूण संख्येवर लिहायची, आणि त्या चार फेऱ्यांत बापाचं नाव घालायचं. बोनस आणि पदोन्नतीच्या मागण्यांत ही मागणी वाचून पहिल्या बैठकीत हशा पिकेल. पाळणाघर खाणीच्या फाटकाबाहेर किती अंतरावर ठेवायचं, धुळीचं काय करायचं, रातपाळीला ते उघडं ठेवायचं की नाही, हे प्रश्न त्यानंतर येतील, आणि ते सोडवायला बायकांना बोलवावं लागेल, कारण उत्तरं त्यांच्याकडेच आहेत.